यंदा माहेरी येणं होणार नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई रडायला लागली, बाबा मधेच डॉक्टरांना नावं ठेवू लागले, आणि मी चिडून फोन ठेवला. म्हणून लिहिते. कागदावर निदान मधे तोडणारं कोणी नसतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही हवं होतं. पण मी आटपाडीला येत नाहीये. एकोणतिसावा आठवडा चालू आहे आणि बीपी 150/96 च्या आसपास घुटमळतंय. ते 160/110 वर जाऊन तिथेच राहिलं तर तासाभराच्या आत खाली आणावं लागतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. बाळाला लवकर बाहेर काढायची वेळ आली तर काचेची पेटी आणि ती सांभाळणारी माणसं त्याच इमारतीत हवीत. आपल्या घरून सांगली-मिरज गाठायला दोन तास तरी लागतात. हिशेब एवढाच आहे, पुण्याची हौस नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, "माझी टेल्मिसार्टन घे, बारा वर्षांत माझं बीपी हललं नाही." तुम्हाला ती चांगलीच आहे. पण त्या जातीच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते, गर्भजल आटतं. गरोदर बाईला चालणाऱ्या गोळ्या मोजक्याच: लॅबेटालॉल, निफेडिपिन आणि जुनी मिथिलडोपा. मला लॅबेटालॉल चालू आहे. 100 ची दोनदा होती, आता 200 ची तीनदा. मला दमा असता तर तीही बाद झाली असती. "एकदाच जोराचं औषध द्या की" हेही जमत नाही. बीपी एकदम पाडलं तर वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं. वाढू दिलं तर माझ्या जिवावर बेततं.

तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. सौम्य बीपीला औषध द्यावं की नाही यावर डॉक्टरांमध्येच बरीच वर्षं वाद होता, कारण औषधाने बाळ बारीक राहील ही धास्ती. गरोदरपणाआधीपासून बीपी असलेल्या सुमारे 2,400 बायकांवर अमेरिकेत अभ्यास झाला, तो 2022 मध्ये छापून आला. 140/90 च्या खाली ठेवलेल्या बायकांना त्रास कमी झाला आणि बाळंही काही बारीक झाली नाहीत. माझं बीपी नंतर सुरू झालेलं आहे, पण आमच्या डॉक्टर हाच आकडा समोर ठेवून चालल्यात.

गोळीने हा आजार बरा होत नाही, ती फक्त दिवस मिळवून देते. मूळ वारेत आहे, आणि ती बाहेर पडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून आमच्याकडे आठवडे मोजणं चालू आहे. सदतीसपर्यंत पोचलो तर उत्तम. बिघडलंच तर आधी बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देतील आणि मग काय ते ठरेल.

आई, मीठ बंद करून हे थांबत नाही, त्यामुळे भाजी अळणी करायला जावयांना सांगू नकोस. बिचारे दोन दिवस मुकाट खात होते. पाय सुजतात तेवढ्याने घाबरायचं नसतं. तोंड-हात एकाएकी सुजले, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली कळ आली, तर घरात एक मिनिट काढायचं नाही. हा कागद फ्रिजवर लावलाय.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. बाराव्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईला गरोदरपणात बीपीचा त्रास झाला होता का?" मी ठामपणे "नाही" म्हटलं. गेल्या महिन्यात मावशी सहज बोलून गेली की दादाच्या वेळी तुला झटके आले होते, मिरजेला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. आई, हे मला तेव्हा माहीत असतं तर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन तेव्हाच सुरू झाली असती. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तरच खरी उपयोगी. तरी हे झालं नसतं असं नाही, शक्यता कमी झाली असती इतकंच. मी तुला दोष देत नाही. आपल्या घरात बाळंतपणाचं वाईट बोलायचं नाही हा नियम तू केलेला नाहीस. थोडा राग आहे, तो जाईल.

एक दिलासा: झटके टाळायला आता मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. 33 देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर ते तपासलं गेलं आणि 2002 मध्ये दिसलं की झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं.

मी येत नाही, तर तू ये. बत्तिसाव्या आठवड्यापासून ये आणि बाळंतपणानंतरही महिनाभर राहा, कारण पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा उसळी घेतं, तेव्हा कोणीतरी शहाणं माणूस घरात हवं. डोहाळजेवण इथेच करू, पाच बायकांत. बाबा, तुमचं मनगटाचं मशीन आणू नका, इथे दंडाचं आहे. फक्त पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, तेच मला जमत नाही.

आणि आई, दादाच्या वेळी कितवा महिना होता, बीपी किती सांगितलं होतं, तुझ्या वेळचा कागद ट्रंकेत आहे का, एवढं बाबांकडून लिहून पाठव. सोमवारी तपासणी आहे, त्याआधी हवं.

तुमची,
सोनी