हिशेबाच्या वह्या सोबत नेण्याचा हक्क हवा

महोदय,

इचलकरंजीतील सूत-कापडाच्या छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी गेली बावीस वर्षे लिहीत आहे. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन पेढीवरच्या संगणकात बसवले, की खतावणी, म्हणजे खातेवार नोंदींची वही, पेढीतच राहत असे. आता ब्राउझर उघडून दूरच्या सर्व्हरवर नोंदी करायच्या आणि त्यासाठी दरवर्षी वर्गणी भरायची, अशी पद्धत रुळली आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने वेबवरून सॉफ्टवेअर भाड्याने देण्याचा धंदा रुजवला आणि २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने वापराल तेवढ्या दराने सर्व्हर पुरवायला सुरुवात केल्यावर अशा सेवा उभारणे कितीतरी सोपे झाले. त्याचा लाभ आम्हालाही झाला आहे. मालक सुरतेला गेला असला तरी तिथून बिल करतो, आणि पेढीवरचा संगणक बिघडला म्हणून वर्षाचा हिशेब बुडत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी वाढीव वर्गणी परवडेना, म्हणून माझ्या एका अशिलाने अशा एका सेवेतील खाते बंद केले, तेव्हा त्याच्या हाती चार वर्षांच्या बिलांच्या पीडीएफ प्रतींखेरीज काही आले नाही. पक्षवार खतावणी, बिलागणिक येणे, सुताची शिल्लक हे सारे आम्ही दीड महिना बसून हाताने पुन्हा भरले. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे; ज्या कंपनीच्या सर्व्हरवर त्या वह्या असतात, तिच्यावर त्या कलमाने कोणतेही बंधन येत नाही.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात आपली माहिती वापरण्याजोग्या रूपात घेऊन जाण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो राहिला नाही. राहिला असता तरी तो व्यक्तीपुरता होता, पेढीच्या खतावणीला लागू झाला नसता. युरोपीय संघात मात्र १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने क्लाउड (म्हणजे दूरच्या सर्व्हरवरच्या) सेवा बदलणाऱ्या उद्योगांनाही आपला डेटा सोबत नेण्याची मुभा दिली आहे. केंद्र सरकारने निदान हिशेबाच्या सेवांसाठी तरी असा नियम करावा, आणि वर्गणी थांबल्यावरही ठरावीक काळ संपूर्ण खतावणी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात उतरवून घेता यावी.

तोवर व्यापारी बंधूंनी दर महिनाअखेरीस रोजमेळ आणि खतावणी एक्सेलमध्ये उतरवून स्वतःजवळ ठेवावी, आणि नव्या सेवेचे पैसे भरण्यापूर्वी तशी सोय आहे का, हे करून पाहावे.

– एक हिशेबनीस, इचलकरंजी