गाडीचं काय करू, तूच सांग

बेळगाव
शनिवार रात्र

प्रिय दोस्ता,

घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसात दुखतो, आबा ठणठणीत. फोनवर बोललो तर तू "घेऊन टाक की" म्हणून मोकळा होशील, म्हणून लिहायला बसलो.

मला डर्ट बाइक घ्यायची आहे. एक आहे कावासाकीची केएलएक्स १४०. जुनी, पण मालकानं जीव लावून ठेवलेली. वजन शंभर किलोच्या आसपास. राजहंसगडाकडच्या त्याच्या माळावर त्यानं चालवायला दिली. फूटरेस्टवर उभा राहिलो, गुडघे टाकीला आवळले, आणि मुरमाच्या चढावर मागचं चाक खडी उडवत, घसरत, तरी वर गेलंच. आरएक्स १०० घेऊन तू अर्ध्यात सोडलास ना, तसलाच चढ. (आधी मी सोडला असं तू अजून सांगत फिरतोस. साफ खोटं.)

पण तिला हेडलाइट नाही, इंडिकेटर नाही. आरटीओत नोंदच होत नाही. टेम्पोत घालून न्यायची, खासगी जागेत फिरवायची, परत टेम्पोत घालून आणायची. मालक म्हणतो, "खेड्यात कोण बघतंय गा?" कोणी बघणार नाही, खरं आहे. पण नंबर नाही म्हणजे विमा नाही, आणि लोक अशा गाड्या गावातल्या रस्त्यावरूनच माळापर्यंत नेतात. बारक्याला उडवलेल्या गाडीचेही कागद नव्हते. त्याच्या आईला धरून कोर्टाच्या पायऱ्या आपण दोघं चढलो होतो. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू?

दुसरी, हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. पुढं २१ इंची चाक, मागं १८, नंबर आणि विमा रीतसर. सकाळी घरून निघायचं, जांबोटी-कणकुंबी करून संध्याकाळी परत. पण दीडशे किलोच्या पुढचं धूड! जुलैत खानापूरकडच्या तांबड्या चिखलात आडवं झालं तर एकट्यानं उचलणार कसं? तू असतास तर हा प्रश्नच नव्हता. त्यात मन तिच्याच प्रो मॉडेलवर बसलंय. तिच्या पुढच्या सस्पेन्शनला २५० मिलिमीटरची चाल आहे, दगडगोटे गिळून टाकते. पण सीट ८९१ मिलिमीटर, माझे पाय टेकत नाहीत. साधीची ८२५, तिच्यावर निदान चवडे टेकतात.

भीमगडच्या रानात मात्र गाडी घालणार नाही, ते पक्कं. २०११ पासून अभयारण्य आहे ते. बारापेडेच्या गुहेतली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी उरलीत, त्यांच्या रानात सायलेन्सर फोडत हिंडायचं म्हणजे पापच.

मग उरतो तुझ्या काकांचा माळ. बांधावरून झालं ते झालं, तू त्यांच्याशी बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. त्या भांडणात मी तुझ्या बाजूनं होतो, आजही आहे. पण त्यांनी माळ दिला तर टेम्पो थेट फाटकाच्या आत जाईल, रस्त्यावर चाक टेकवायची वेळच येणार नाही. मग केएलएक्सच. नाही दिला तर साधी एक्सपल्स. तुझं नाव न घेता मी त्यांच्याकडे जाऊ का? तुला खटकणार असेल तर तोंडावर सांग, मनात ठेवू नकोस.

नवीन नोकरी कशी आहे? पोरीची शाळा सुरू झाली का? वहिनींसाठी कुंदा पाठवतोय, डबा त्यांच्याच हातात दे.

मालक पुढच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणालाय. त्याआधी कळव.

तुझाच,
मी