मुलाचे चुकीचे उत्तर वाचता येते का, हेही तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शिक्षकाला प्रमाणपत्र देताना काय तपासावे, यावरून दोन तट पडतात. एक म्हणतो, विषय पक्का हवा, बाकीचे वर्गात उभे राहिले की येते. दुसऱ्याच्या मते शिकवण्याचे कौशल्य आधी. गणिताच्या छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहण्यात माझी नोकरी गेली. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात.

०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? काही मुले ०.३५ सांगतात, कारण ८ पेक्षा ३५ मोठे. काहींचा समज नेमका उलटा असतो: शतांशापेक्षा दशांश मोठा, म्हणून दशांशचिन्हापुढे एकच अंक असलेली संख्या मोठी. अशा मुलाचे इथले उत्तर बरोबर येते आणि त्याला शाबासकी मिळते. ०.४ आणि ०.६५ विचारा, मग ते अडकते. या दोघांना एकच स्पष्टीकरण देऊन भागत नाही.

हे ओळखणे गणिताच्या पदवीने आपोआप येत नाही आणि नेटक्या फलकलेखनानेही नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडले होते: तो तो विषय शिकवण्यासाठी लागणारे ज्ञान हे निव्वळ विषयज्ञानाहून वेगळे असते.

सराव पाठात काय होते? टाचण चोख, साहित्य तयार. एखादे मूल अनपेक्षित उत्तर देते, छात्राध्यापक म्हणतो, 'बस खाली. दुसरे कोण सांगेल?' आणि पाठ पुढे सरकतो. माझ्या हाती असलेल्या निरीक्षण तक्त्यात आवाजाला गुण होते, हालचालींना होते. या क्षणासाठी रकानाच नव्हता. ते माझ्या मनाला फार लागायचे.

प्रात्यक्षिकाला महत्त्व दिले की परीक्षकाची मर्जी चालते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक उमेदवारापुढे मुलांच्या वह्यांतली तीच चुकीची उत्तरे ठेवावीत. मुलाने काय विचार केला असेल आणि त्याला पुढचा प्रश्न कोणता विचाराल, एवढे लिहून घ्यावे. दोन परीक्षकांनी ते एकमेकांचे गुण न पाहता तपासावे. तंत्रज्ञान, पालकांशी संवाद, नोंदी ठेवणे हे सारे पहिल्या वर्षी अनुभवी सहकाऱ्याच्या सोबतीने शिकता येईल. त्यासाठी प्रमाणपत्र अडवू नये.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, अध्यापक महाविद्यालय