पाडण्याआधी घराची तपासणी करा

माननीय संपादक,

पर्यावरणपूरक घर म्हटलं की नव्या कोऱ्या इमारतींचीच छायाचित्रं छापून येतात. बांधकामावर देखरेख करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून सांगतो, उभी इमारत वाचवणं हीच मोठी बचत आहे. पाडून नवी बांधायची तर पुन्हा सिमेंट लागतं, आणि जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

आमचं घर वरच्या मजल्यावर. उन्हाळ्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगायचा. आधी गच्चीची गळती बंद केली (हा क्रम चुकवू नये, ओल राहिली तर वरचा थर पोपडे धरतो), मग पांढरा परावर्तक रंग दिला. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून केली. आतल्या पडद्याने फारसं साधत नाही, कारण तोवर ऊन काच ओलांडून घरात आलेलं असतं. आता पंखा पुरतो, आणि तोही ७५ वॅटऐवजी साधारण ३० वॅटचा.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह १९६०च्या दशकातली ५३० घरं अशीच सुधारली. रहिवाशांना न हलवता बाहेरून काचेचे सज्जे जोडले. या जोडीला २०२१ साली प्रित्झकर हा वास्तुकलेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

तेव्हा इमारत पाडायचा ठराव मांडण्यापूर्वी ऊर्जा तपासणीचा (वीज कुठे किती खर्च होते आणि कशी वाचवता येईल याचा) अहवाल गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांसमोर ठेवणं सक्तीचं करावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक