औषधांची अख्खी पिशवी एकदा तरी कुणी पाहावी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी फार्मासिस्ट. 22 वर्षं तालुक्याच्या गावी औषधांचं दुकान चालवतो. आईला स्मृतिभ्रंश आहे. पुढे सांगतो ती चूक जितकी डॉक्टरांची, तितकीच माझी.

तिला डोनेपेझिल, म्हणजे स्मरणशक्ती सावरायची गोळी, सुरू झालं. काही महिन्यांनी कपड्यात लघवी होऊ लागली, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. अंगाला खाज सुटली, तिसऱ्यांनी हायड्रॉक्सिझिन लिहिलं. सर्दीची क्लोरफेनिरामाइनवाली गोळी तर मीच दिली, चिठ्ठीशिवाय. पंधरा दिवसांत आई मध्यरात्री उठून काठी शोधायला लागली, शेळी घरात शिरली म्हणून. शेळी आम्ही 1998 सालीच विकली होती.

डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्मरणासाठी लागणारं निरोप पोचवणारं रसायन, टिकवून धरतं. बाकीची तिन्ही औषधं त्याच ॲसिटिलकोलीनचं काम अडवतात; अशा औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय, आणि दोन्हींचं बिल माझ्याच दुकानात फाटतंय!

हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओत स्मृतिभ्रंशाच्या 44,884 वृद्धांच्या नोंदी तपासून 2005 साली संशोधकांनी दाखवलं, की डोनेपेझिलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांच्या पदरात लघवीची अँटिकोलिनर्जिक गोळी पडण्याची शक्यता 55 टक्क्यांनी जास्त होती. लघवी न आवरणं हा डोनेपेझिलचाच दुष्परिणाम असू शकतो. तो नवा आजार समजला जातो आणि पिशवीत एक पट्टी वाढते.

या अँटिकोलिनर्जिक औषधांमुळे स्मृतिभ्रंश होतो का, हा प्रश्न वेगळा. ब्रिटनमध्ये 2018 साली 40,770 रुग्णांच्या अभ्यासात लघवीच्या, नैराश्याच्या आणि पार्किन्सनच्या अशा औषधांशी संबंध दिसला, पोटाच्या मुरड्यावरच्या औषधांशी दिसला नाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मान्य. पण ज्याला आजार जडलेलाच आहे, त्याच्यासाठी या वादाचा निकाल कशाला हवा? भ्रम, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, तोल जाऊन पडणं हे त्याला आजच भोगावं लागतं.

साहेब, नवी योजना मागत नाही, एक परिपत्रक पुरे. सरकारी रुग्णालयात औषध निर्माण अधिकारी असतातच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरच्यांना सांगावं, की औषधांची अख्खी पिशवी घेऊन या, दुकानातून परस्पर आणलेल्या खोकल्याच्या बाटलीसकट. अँटिकोलिनर्जिक भार मोजायची पट्टी तयार आहे, अशा प्रत्येक अँटिकोलिनर्जिक औषधाला 1 ते 3 गुण. बेरीज 3 किंवा जास्त आली, तर केसपेपरवर लाल शाईने लिहून रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवावं. गोळी बंद करायची की बदलायची, ते डॉक्टरच ठरवतील. घरच्यांनी आपल्या मनाने काही थांबवू नये, हेही त्या परिपत्रकात असू द्या.

आईची बेरीज 9 निघाली. औषधं बदलल्यावर शेळी गेली. मला मात्र ती अजून मामाच्याच नावाने हाक मारते. त्यावर माझ्या दुकानात काही नाही.

आपला,
एक फार्मासिस्ट