त्या रात्रीचं मानधन

प्रिय दत्ता,
सप्रेम जयहिंद.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. वेबसिरीजवाले आपला शंकर गेला त्या रात्रीची गोष्ट मागतायत, पैसेही बरे देतायत, आणि तू मला विचारतोस, "घेऊ का?" उत्तर लवकर सुचलं नाही. घराचं कर्ज, धाकटीची फी, सगळं ठाऊक आहे मला. पेन्शनीत कसं भागतं, ते माझ्याही घरी बघतोच की.

तुला ते २००७ चे ब्रिटिश नौदलातले इंग्रज आठवतात? २३ मार्चला आखातात इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड या फौजेने पंधरा जण बोटींसकट धरून नेले. आठ नाविक, सात मरीन, म्हणजे नौदलाचे लढाऊ सैनिक. तेरा दिवसांनी इराणचा राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजादने सोडले ते नवे सूट चढवून, हातात भेटींच्या पिशव्या देऊन. टीव्हीपुढं आपली पोरं हसली होती, "जावयांची बोळवण केली रे!" ते घरी पोचले ५ एप्रिलला. त्याच दिवशी इराकमध्ये बसऱ्याजवळ स्फोटात चार ब्रिटिश सैनिक गेले.

आणि लगेच त्यांच्या नौदलाने त्या पंधरांना मुभा दिली, विका आपापली कहाणी. पंधरांत एकच बाई होती, तिच्या मुलाखतीचे लाखभर पौंड आले म्हणून छापून आलं. दुसरा वीस वर्षांचा पोरगा. त्याने सांगितलं, पहारेकरी मला टीव्हीवरचा विनोदी मिस्टर बीन म्हणायचे, आयपॉड घेतला, रात्री रडलो. लोकांनी त्याची टर उडवली. मी नाही हसणार. आपणही रडलोय, पांघरुणात तोंड खुपसून.

बोंबाबोंब झाली तेव्हा ९ एप्रिलला ब्रिटनचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डेस ब्राउन यांनी विक्री थांबवली, पुढं संसदेत चूक कबूलही केली. तोवर दोघांनी विकून झालं होतं. माझा राग मुभा देणाऱ्यांवर आहे. वरून सरळ "नाही" आलं असतं, तर पोरं सुटली असती. नोकरीत असताना सरकारला विचारल्याशिवाय फौजेबद्दल काही छापायचं नाही, या नियमावर आपण किती कुरकुर केली! आता निवृत्त झालास, तुझ्या वतीने नाही म्हणणारा सीओ साहेब, पलटणीचा कमांडिंग ऑफिसर, उरला नाही. गुपितांचा कायदा आहे म्हणा, पण तुझ्या गोष्टीत गुपित कुठलं?

किमतीचंही बघ. कैद सगळ्यांची सारखी, पण मोल आलं ते लहान मुलीची आई असलेल्या बाईला. तुझ्याकडेही ते तुझ्यासाठी आलेले नाहीत. त्यांना शंकरचं मरण हवंय.

शंकरच्या बायकोला, वहिनींना, आपण काय सांगितलं होतं? जागीच गेला, काही कळलंही नाही त्याला. ते दोन तास तू कॅमेऱ्यापुढं सांगणार आहेस? त्यांचा थोरला आता मोबाइलवर सगळं बघतो.

रविवारी मी सातारला येतोय. तोवर सही करू नकोस. स्टँडवरून कोरेगावची एसटी धरू आणि वहिनींकडे जाऊ. चहा त्या टाकतीलच. आधी तोंड कोण उघडणार, ते गाडीत ठरवू.

तुझा,
बाळू