सह्या करणाऱ्यांची चौकशी कधी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या आतल्या पानांवर रोज ताबा नोटिसा छापून येतात, कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, फ्लॅट नंबर, थकलेली रक्कम, सगळं गावासमोर. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए (थकीत), मग कोर्टात न जाता वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. कर्ज घेतलं तर फेडलंच पाहिजे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्यांनी खोटी गृहकर्जं दाखवून हजारो कोटी उचलले, त्यांच्यासाठी असं वेळापत्रक कुठे आहे? सरकार या घोटाळ्यांचा तपास खरंच मनापासून करतंय का, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतोय म्हणून हे पत्र.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून रिटायर झालो. त्यामुळे गृहकर्जाची फाईल काय असते ते मला माहीत आहे. अर्ज, पगाराच्या स्लिपा किंवा आयटी रिटर्न, करारनामा, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरचा रिपोर्ट, साईट व्हिजिट, मग मंजुरी आणि शेवटी चेक. प्रत्येक कागदावर कोणाची ना कोणाची सही असते आणि वर्षाअखेरीला ऑडिटर येऊन त्यातल्या काही फायली उघडून बघतोच बघतो. एखादं कर्ज खोटं निघालं तर समजू शकतो, कोणीतरी बनावट कागद दिले असतील. पण डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सीबीआयने मार्च २०२१ मध्ये जो गुन्हा नोंदवला त्यात काय आहे बघा. बांद्र्याची एक शाखा, जी प्रत्यक्षात नव्हतीच, फक्त कॉम्प्युटरमध्ये होती, आणि तिच्या नावावर २ लाख ६० हजार खोटी गृहकर्ज खाती. रक्कम १४,०४६ कोटी रुपये, त्यातले ११,७५५ कोटी वेगवेगळ्या कागदी कंपन्यांकडे वळवले असा आरोप आहे. वर पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज सबसिडीचे १,८८० कोटी सरकारकडे मागितले, म्हणजे गरिबाच्या पहिल्या घरासाठी ठेवलेला पैसासुद्धा सोडला नाही.

अडीच लाखांहून जास्त खाती हो! या प्रत्येकाची फाईल असती तर ठेवायला गोडाऊन लागलं असतं. ती नव्हती हे एकाही ऑडिटरला दिसलं नाही? अशा गृहकर्ज कंपन्यांवर देखरेख करणारी नॅशनल हाऊसिंग बँक तपासणी करत होती, रेटिंग देणाऱ्या कंपन्या रेटिंग देत होत्या, सबसिडीचे अर्ज कोणीतरी तपासून पुढे पाठवत होतं. हे उघडकीला कधी आलं, तर नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवला आणि मग फोरेन्सिक ऑडिट (घोटाळा शोधणारी हिशेब तपासणी) झालं तेव्हा. तोवर कंपनी बुडाली होती आणि एफडी ठेवलेल्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे अडकले होते. त्यांना पुढे जे परत मिळालं त्यात अनेकांच्या ठेवीचा मोठा हिस्सा गेलाच, कारण हाऊसिंग फायनान्स कंपनीतल्या एफडीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, आणि हे ठेव घेताना कोण सांगतं?

आणि डीएचएफएलच्या मालक वाधवान घराण्यातल्या लोकांना एप्रिल २०२० मध्ये, कडक लॉकडाऊनमध्ये, खंडाळ्याहून महाबळेश्वरला जायला गृहखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचं पत्र मिळालं होतं. तेव्हा आपल्याला दूध आणायला गेलं तरी पोलीस अडवत होते. त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं हे खरं, पण सामान्य माणसाच्या मनात जे बसायचं ते बसलंच.

पुढे डीएचएफएलच्याच ३४,६१५ कोटींच्या मोठ्या केसमध्ये, जी १७ बँकांच्या तक्रारीवरून जून २०२२ मध्ये नोंदवली, आरोपपत्र अपुरं आहे या मुद्द्यावर मुख्य आरोपींना डिफॉल्ट जामीन मिळाला आणि तो रद्द करायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, जानेवारी २०२४ मध्ये. खटल्याचं काय, तर आरोप आणि तारखा.

पीएमसी बँकेचं तर सगळ्यांना आठवत असेल. सप्टेंबर २०१९, एका दिवसात सांगितलं की खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. भांडुपला मुख्य ऑफिस असलेली आपल्या मुंबईची बँक. एचडीआयएल या बिल्डर कंपनीची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली होती असं तपासात आलं. दरवर्षी ऑडिट होत होतं, रिझर्व्ह बँकेची तपासणी होत होती, तरी हे बाहेर पडलं ते बँकेच्या एमडीने स्वतःच पत्र लिहिल्यावर. लोकांची आयुष्यभराची कमाई अडकली, बँक जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि ५ लाखांवरची रक्कम काहींना १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळणार. सत्तरीच्या माणसाला १० वर्षं थांबा म्हणणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आता कोणी म्हणेल की तपास होतोच की, अटका होतात. होतात ना, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये तिजोरीतले १२२ कोटी गायब निघाले तेव्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जनरल मॅनेजरला लगेच पकडलं आणि ऑडिट करणाऱ्यांनाही बोलावलं. त्याबद्दल पोलिसांचं कौतुकच आहे. म्हणजे मनात आणलं तर जमतं! मग बाकीच्या ठिकाणी मनात का येत नाही?

सबव्हेन्शन स्कीमचं उदाहरण घ्या, ज्यात ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरणार असं सांगून फ्लॅट विकले. बँकेने कर्ज ग्राहकाच्या नावावर काढलं आणि पैसे सरळ बिल्डरला दिले, इमारत वर चढलीय की नाही न बघता. बिल्डरने हप्ते बंद केले तेव्हा वसुलीवाले आले ते ग्राहकाकडे. घर नाही, सिबिल खराब, वर भाडं चालू. माझ्या मते यात बँकेतल्या ज्या माणसाने बांधकामाचा टप्पा न बघता रक्कम सोडली तो बिल्डरइतकाच जबाबदार आहे. पण त्याच्यापर्यंत कोणी पोचत नव्हतं. शेवटी हजाराहून जास्त घर खरेदीदार कोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने २९ एप्रिल २०२५ ला बिल्डर आणि बँकांच्या संगनमताची प्राथमिक चौकशी करायला सीबीआयला सांगितलं, त्यात दिल्लीच्या आसपासच्या भागाबरोबर मुंबईसुद्धा आहे. जुलैमध्ये २२ गुन्हे नोंदवायला परवानगी दिली. कोर्टाने कान धरल्याशिवाय हे झालं नसतं, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. सरकारी यंत्रणा स्वतःहून कुठे गेली?

ईडीचे आकडे सरकारने स्वतः संसदेत दिलेत. २०१५ पासून जून २०२५ पर्यंत मनी लाँडरिंगची ५,८९२ प्रकरणं हातात घेतली आणि शिक्षा झालेली माणसं १५. धाडीचा फोटो पेपरात येतो, निकालाचा येत नाही कारण निकालच नाही. त्यात २०१८ पासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७ अ आलंय, अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी सरकारची मंजुरी. आपल्या राज्याने तर ऑक्टोबर २०२० ते ऑक्टोबर २०२२ सीबीआयला राज्यात तपास करायला दिलेली सर्वसाधारण संमतीच काढून घेतली होती, तेव्हा सरकार एका आघाडीचं, नंतर दुसऱ्यांचं, दोघांनीही बँक घोटाळ्यांपेक्षा राजकारण जास्त बघितलं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्रॉड ठरलेल्या कर्जदारांशीही बँकांना तडजोड करायची मुभा दिली. फौजदारी केस चालू राहील असं त्यात लिहिलंय, पण पैशाची तडजोड झाल्यावर साक्ष द्यायला बँक किती उत्साहाने येईल? बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तेव्हा विरोध केला होता, तो बरोबर होता.

महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी एमपीआयडी कायदा १९९९ पासून आहे, मालमत्ता जप्त करून, विकून पैसे परत द्यायची त्यात सोय आहे. कायदा चांगला आहे, सुप्रीम कोर्टातही टिकलाय. माझी मागणी एवढीच की राज्य सरकारने येत्या अधिवेशनात प्रत्येक एमपीआयडी प्रकरणाची यादी सभागृहात ठेवावी. गुन्हा कधी, जप्ती कधी, किती मालमत्ता विकली, ठेवीदाराच्या हातात किती पडले, आणि कर्ज मंजूर करणारे, व्हॅल्युअर, ऑडिटर यांच्यापैकी किती जण आरोपी आहेत. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा.

आणि आपल्याला विनंती, आपला एक वार्ताहर मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या एमपीआयडी कोर्टात महिनाभर बसवा. किती केसेस पुकारल्या, किती पुढे ढकलल्या आणि का, ते रोज छापा. ताबा नोटिसांच्या पानावरच छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली